मोठ्या मत्स्यटाकीसाठी काच की अ‍ॅक्रिलिक? खानदेशातील पाणी आणि ऊन लक्षात घेऊन दिलेले उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावातील घराच्या पहिल्या मजल्यावर, हॉलमध्ये, ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी टाकी बसवायची आहे. पाणी बोअरचे आहे. मासे ऑस्कर, पॅरट आणि पुढेमागे अरोवाना, म्हणजे सगळे मोठ्या चणीचे. पुण्यातील आपले स्नेही अ‍ॅक्रिलिकचा आग्रह धरतात (अ‍ॅक्रिलिक म्हणजे काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक), कारण ते हलके, अधिक पारदर्शक आणि न फुटणारे असते असे त्यांचे म्हणणे आहे. गावातील काचवाले मात्र १२ एमएमची टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, काच सुचवतात. यांपैकी काय घ्यावे?

माझे उत्तर असे की काच घ्यावी, पण टफन घेऊ नये, आणि टाकीची उंची अर्ध्या फुटाने कमी करून तेवढी रुंदी वाढवावी. जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात टाक्या बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या निवडीसाठी जी कारणे सर्वत्र सांगितली जातात, ती आपल्याकडे फारशी निर्णायक ठरत नाहीत. निर्णायक ठरतात त्या दोन गोष्टी म्हणजे आपले जड पाणी आणि आपला कोरडा उन्हाळा. आणि त्यांचा विचार टाकी विकणारा सहसा करत नाही.

आधी वजनाचा मुद्दा निकालात काढू. एकाच जाडीचे दोन तुकडे घेतले तर अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे भरते, हे खरे आहे. परंतु काच अ‍ॅक्रिलिकपेक्षा वीस पटींहून अधिक ताठ असते, त्यामुळे पाण्याच्या दाबाखाली अ‍ॅक्रिलिक फुगू नये म्हणून ते जाड घ्यावे लागते. ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीला १२ एमएम काच, माथ्यावर आधारासाठी चिकटवलेल्या काचेच्या पट्ट्यांसह, पुरते आणि तिचे वजन सुमारे १५० किलो होते. त्याच मापाची टाकी २० एमएम अ‍ॅक्रिलिकमध्ये वरच्या चौकटीसह सुमारे १२५ किलोची होते. म्हणजे फरक पंचवीस किलोंचा. आता टाकीतील सुमारे ७८० लिटर पाणी, १०० किलो दगड-वाळू आणि ८० किलोंचा लोखंडी स्टँड मिळवला, तर एकूण भार ११०० किलोंच्या घरात जातो. एवढ्या भारात पंचवीस किलो वाचले म्हणून स्लॅबला काहीही फरक पडत नाही.

स्लॅबचा प्रश्न मात्र वेगळा आणि गंभीर आहे. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो, आणि आपली टाकी तिच्या पायाखालच्या जागेवर चौरस मीटरला ८०० किलोंच्या आसपास भार टाकणार आहे. भार थोड्याच जागेत असतो आणि बाकीची खोली बहुधा मोकळी असते, म्हणून असे बसवणे अनेकदा शक्य होते. तरीही टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता, खाली तुळई किंवा भार घेणारी भिंत आहे अशाच जागी ठेवावी, आणि घराचे नकाशे पाहून स्थापत्य अभियंत्याने होकार दिल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नये. टाकी काचेची असो वा अ‍ॅक्रिलिकची, ही अट सारखीच आहे.

उंची कमी करा असे मी का म्हणतो, तेही सांगतो. भिंतीवरील दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो आणि समोरच्या भिंतीवरील एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६ फूट लांबीच्या भिंतीवर २ फूट पाणी सुमारे ३४० किलोंचा रेटा देते. अडीच फूट पाणी सुमारे ५३० किलोंचा. फक्त सहा इंच वाढले, पण रेटा दीडपटीहून अधिक झाला. त्यामुळे अडीच फुटी उंचीला १२ एमएम साधी काच मला कमी वाटते. तिथे पट्ट्यांसह १५ एमएम आणि पट्ट्यांविना १९ एमएम लागते. उलट उंची २ फूट आणि रुंदी अडीच फूट केली, तर पाणी तेवढेच, काठोकाठ ८५० लिटरांचेच माप राहते, १२ एमएम काच पुरते, भार जास्त जागेवर पसरतो, आणि ऑस्कर, अरोवानासारख्या माशांना वळायला जागा मिळते. अरोवानाला पाण्याच्या खोलीपेक्षा रुंदीची गरज अधिक असते. शिवाय टाकी साफ करणाऱ्याचा हात तळापर्यंत पोचतो, ही गोष्ट पहिल्या महिन्यात कोणाच्या लक्षात येत नाही, पण पुढे दर आठवड्याला जाणवते.

आता पाणी. आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड आहे, हे केळीच्या बागेला ठिबक लावलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; ड्रिपर क्षारांनी बुजतात आणि मग अ‍ॅसिड सोडून नळ्या मोकळ्या कराव्या लागतात. हेच पाणी टाकीत येते. उन्हाळ्यात उघड्या टाकीतून दिवसाला सहज १० लिटर पाणी उडून जाते, आपण तेवढेच पुन्हा भरतो, आणि उडून जाणारे पाणी क्षार मागे ठेवते. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला ६०० मिलिग्रॅम धरले तर रोज ६ ग्रॅम, आणि तीन महिन्यांत अर्धा किलोहून अधिक क्षार टाकीत साठतात. त्यांतील काही भाग पाण्याच्या पातळीच्या रेषेवर पांढऱ्या, खरखरीत पट्ट्याच्या रूपात घट्ट चिकटतो.

हा पट्टा काढताना काच आणि अ‍ॅक्रिलिक यांतील फरक जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे कोठेही दिसत नाही. काचेवर पाणी दोन बोटे खाली घ्यावे, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस त्या रेषेवर अर्धा तास दाबून ठेवावा, आणि नवे ब्लेड तिरपे धरून सरकवावे. थर पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि काच पूर्वीसारखी होते. अ‍ॅक्रिलिकवर व्हिनेगर चालते, पण ब्लेड चालत नाही. प्लास्टिकच्या कार्डाने हळूहळू घासावे लागते, आणि घासताना सुटलेला क्षाराचा कणच पृष्ठभागावर ओरखडा काढतो. भुसावळला एका घरी मी चांगल्या प्रतीची, मुंबईहून आणलेली अ‍ॅक्रिलिकची टाकी सांभाळत असे. तिचे सांधे निर्दोष होते, पण पाण्याच्या रेषेलगत तीन बोटांचा पट्टा केसासारख्या बारीक ओरखड्यांनी धुरकट झाला होता, आणि संध्याकाळी वरचा दिवा लावला की त्या घरातील माणसांची नजर माशांआधी त्या पट्ट्यावर जाई. दोष टाकीचा नव्हता, सांभाळणाऱ्यांचाही नव्हता. ते पाणी आणि तो पदार्थ एकमेकांना मानवत नव्हते.

अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: त्यावरील ओरखडे पाण्याच्या पॉलिश पेपरने टप्प्याटप्प्याने बारीक करत काढता येतात, काचेवरील खोल ओरखडा मात्र प्रत्यक्षात कायमचा असतो. परंतु काचेवर तसा ओरखडा मुळात क्वचित उठतो, आणि अ‍ॅक्रिलिकचे पॉलिशिंग हे तासन् तास चालणारे, सरावाचे काम आहे. आपल्याकडील धूळही विचारात घ्या. कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ते धूळ ओढून घेते. त्यावर कोरडा कपडा फिरवला की बाहेरूनही बारीक रेषा उठतात. घर पुसणाऱ्या मावशी आरसा पुसायचा निळा स्प्रे आणि तोच कपडा टाकीवर फिरवतील, हे गृहीत धरावे. काचेला त्याने काही होत नाही, फक्त फवारा कपड्यावर मारावा, पाण्याजवळ नको. अ‍ॅक्रिलिकला मात्र अशा स्प्रेमधील अमोनिया किंवा अल्कोहोल हळूहळू तडकवते.

टाकी काचेची असली तरी उडालेल्या पाण्याची रोजची भर आरओच्या पाण्याने घालावी, म्हणजे क्षार साठतच नाहीत. बोअरचे पाणी आठवड्याच्या पाणीबदलापुरते ठेवावे. गच्चीवरील टाकीचे पाणी मे महिन्यात दुपारी सरळ माशांवर सोडू नये; ते हात भाजण्याइतके तापलेले असते.

उन्हाळ्याचा मुद्दा अ‍ॅक्रिलिकवाले आपल्या बाजूने मांडतात, म्हणून त्याकडे नीट पाहणे आवश्यक आहे. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता काचेच्या सुमारे एक-पंचमांशच वाहते, हे पुस्तकातले सत्य आहे. पण टाकीच्या भिंतीबाहेर हवेचा जो स्थिर थर असतो तोच उष्णतेला सर्वाधिक अडवतो, आणि तो दोन्ही टाक्यांना सारखाच मिळतो. त्यामुळे १२ एमएम काचेऐवजी २० एमएम अ‍ॅक्रिलिक घेतल्यास भिंतींतून आत येणारी उष्णता पाचपट नव्हे, तर ढोबळ हिशेबाने ४० टक्क्यांच्या आसपास कमी होते. खोली पाण्यापेक्षा ६ अंशांनी गरम असताना आपल्या मापाच्या टाकीत हा फरक साधारण ६० वॅटचा येतो. आता दुसरी बाजू पाहा. दिवसाला १० लिटर पाणी उडते, तेव्हा ते पाण्यातून सरासरी २८० वॅट उष्णता काढून नेते. आपल्या कोरड्या हवेची ही देणगी आहे. घरोघरचे कूलर याच तत्त्वावर चालतात. टाकीच्या पृष्ठभागावर तिरपे फुंकणारे दोन छोटे पंखे लावले तर एप्रिल-मे महिन्यांत पाणी खोलीपेक्षा स्पष्टपणे थंड राहते, आणि वीज फारच थोडी लागते.

अ‍ॅक्रिलिकची टाकी नेमकी इथेच मागे पडते. भिंती फुगू नयेत म्हणून तिच्या माथ्यावर चारही बाजूंनी चार-चार इंचांची चौकट आणि मध्ये आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. उघडा पृष्ठभाग निम्म्याच्या आसपास राहतो. काचेच्या टाकीत पुढे-मागे लांब पट्ट्या आणि मध्ये एक आडवी पट्टी एवढे पुरते, आणि दोन-तृतीयांश पाणी हवेला मोकळे राहते. ऑस्कर आणि अरोवाना उडी मारतात, म्हणून झाकण हवेच, पण ते काचेचे नको. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणलेली मजबूत जाळी बसवावी, म्हणजे मासा आत राहतो आणि वाफ बाहेर जाते. भिंतींतून येणारी उष्णता कमी करायचीच असेल, तर काचेच्या टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींना बाहेरून थर्माकोलच्या शीट लावाव्यात. अ‍ॅक्रिलिकचा उष्णतेबाबतचा तो एकमेव फायदा आपल्याला त्यातून जवळजवळ फुकट मिळतो.

अ‍ॅक्रिलिकचा आणखी एक गुण उन्हाळ्यात अडचणीचा ठरतो. ते थोडे पाणी शोषते आणि आतून किंचित फुगलेले राहते. दुरुस्तीसाठी किंवा स्थलांतरासाठी टाकी रिकामी करून मे महिन्यातील हवेत तशीच उघडी ठेवली, की आतला पृष्ठभाग झपाट्याने सुकून आकसतो आणि त्यावर चंदेरी, केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. असे जाळे पृष्ठभागाच्या ताणामुळे होते आणि पुसून जात नाही. सार्वजनिक मत्स्यालयांत मोठ्या अ‍ॅक्रिलिकच्या भिंतीसमोरील पाणी काढावे लागले, तर त्यावर पाणी फवारून ती ओली ठेवतात, ते याच कारणाने. घरी हे पथ्य कोण पाळणार? शिवाय तापमान २० अंशांनी बदलल्यास ६ फूट लांब अ‍ॅक्रिलिक सुमारे अडीच मिलिमीटरने लांबी बदलते आणि काच एक-तृतीयांश मिलिमीटरने, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकची टाकी भिंतीत किंवा लाकडी कामात घट्ट चिणून बसवता येत नाही.

‘न फुटणारे’ हा दावा मर्यादित अर्थाने खरा आहे. चेंडू, खेळणे किंवा ऑस्करने ढकललेला दगड यांचा आघात अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा अनेक पटींनी चांगला सोसते. घरात लहान मुले क्रिकेट खेळत असतील तर हा विचार योग्यच आहे. पण बर्लिनमधील एका हॉटेलातील अ‍ॅक्वाडोम नावाची सुमारे १० लाख लिटर पाण्याची दंडगोल टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटली, ती अ‍ॅक्रिलिकचीच होती. टिकाऊपणा पदार्थाच्या नावाने येत नाही. तो जाडी, सांधे आणि देखभाल यांतून येतो.

पारदर्शकतेबाबत फार लिहिण्याची गरज नाही. साधी जाड काच हिरवट दिसते आणि अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश जातो, म्हणून दुकानात शेजारी ठेवल्यास अ‍ॅक्रिलिक उजवे दिसते. लोहाचे प्रमाण कमी असलेली एक्स्ट्रा क्लिअर काच जवळपास तेवढाच प्रकाश सोडते. ती फक्त समोरच्या भिंतीला घ्या. बाकी तिन्ही बाजूंना आणि तळाला साधी काच चालते.

सांध्यांचा विषय मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जळगाव किंवा धुळ्यात अ‍ॅक्रिलिकचे काम करणारे कारागीर बहुतेक दुकानांच्या पाट्या आणि अक्षरे बनवणारे आहेत. त्यांच्या कामात ते निपुण असतात. पण ते शीट लेझरने कापतात आणि क्लोरोफॉर्मने चिकटवतात. पाटीवर पाण्याचा रेटा नसतो, टाकीवर कायम असतो. लेझरच्या उष्णतेने कापलेल्या कडेत ताण अडकून राहतो, आणि त्या कडेवर क्लोरोफॉर्मसारखा द्रावक पडला की काही काळाने बारीक भेगा निघू लागतात. टाकीसाठी कडा यंत्रावर गुळगुळीत कराव्या लागतात, शीट ‘कास्ट’, म्हणजे साच्यात ओतलेल्या, प्रकारची लागते, आणि मोठ्या जाडीला दोन घटकांचे खास मिश्रण भरून सांधा ओततात. सांध्यात बुडबुड्यांची रांग दिसली तर तो सांधा कमकुवत समजावा. असे काम मुंबई-पुण्याकडील मोजके लोक करतात, आणि पाच वर्षांनी गळती लागली तर त्यांना बोलवावे लागेल किंवा टाकी त्यांच्याकडे न्यावी लागेल. काचा जोडायचे सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला भरवशाने चिकटत नाही, त्यामुळे गावात तात्पुरती दुरुस्तीही होत नाही. काचेची टाकी गळाली तर जुने सिलिकॉन काढून गावातच पुन्हा जोडता येते.

टफन काचेला माझा विरोध का, तेही सांगतो. ती साध्या काचेपेक्षा सुमारे चौपट ताकदीची असते, हे मान्य आहे. पण एका कोपऱ्याला नेमका टोला बसला की अख्खी भिंत क्षणात चुरा होते आणि सगळे पाणी एकदम हॉलमध्ये येते. साधी काच बहुधा तडकते, गळू लागते आणि आपल्याला बादल्या आणण्याइतका वेळ देते. टफन काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, तिला लाटांसारखे किंचित उंच-सखलपण असते, आणि दुकानदार तिच्या भरवशावर जाडी कमी सुचवतात. योग्य जाडीची साधी काच आणि चारही कडा घासून पॉलिश केलेल्या, हीच मागणी ठेवावी.

अ‍ॅक्रिलिक कधी घ्यावे, हेही स्पष्ट असावे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली नूतनीकरणानंतर पाहुण्यांच्या डोक्यावरून जाणारा जो बोगदा आला, तो अ‍ॅक्रिलिकशिवाय झालाच नसता. वक्र आकार, तीन फुटांहून अधिक पाण्याची खोली, आठ-दहा फुटांची सलग भिंत अशा गरजा असतील, मऊ किंवा आरओचेच पाणी वापरायचे असेल आणि बनवणारा तज्ज्ञ पुढची देखभालही करणार असेल, तर अ‍ॅक्रिलिक योग्य आहे. आपल्या चौकोनी टाकीला यांतील एकही अट लागू नाही, आणि खर्च मात्र कित्येक पटींनी वाढेल.

राहिला जिन्याचा प्रश्न. एवढी तयार टाकी पहिल्या मजल्यावर वळणाच्या जिन्यातून नेणे अवघड आहे, परंतु काचेची पाने एकेक करून चार माणसे उभी वर नेऊ शकतात आणि टाकी स्टँडवरच जोडता येते. स्टँड पाणसळीत आहे याची लांबीत, रुंदीत आणि कर्णातही खात्री करावी. त्यावर मरीन प्लाय आणि थर्माकोल, मग तळाची काच. कडा अ‍ॅसिटोनने पुसल्यावर त्यांना हात लावू नये. पाने जोडताना सगळे सिलिकॉन दाबून बाहेर काढण्याची अनेकांना सवय असते, ती घातक आहे; दोन काचांमध्ये दीड-दोन एमएमचा अखंड थर राहिलाच पाहिजे, कारण पूर्ण रेटा तोच थर पेलतो. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले, मत्स्यटाकीसाठी चालणारे घ्यावे. बाथरूमसाठीचे घेऊ नये.

हे सिलिकॉन हवेतील ओलाव्याने पक्के होते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या हवेत ओलावाच नसतो, त्यामुळे वरून साय धरलेली दिसली तरी आतला गाभा बरेच दिवस कच्चा राहतो. म्हणून टाकी जोडण्याचे काम पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जुलैपासून दसऱ्यापर्यंत करावे, आणि तरीही दोन आठवडे तिला हात लावू नये. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला की पाणी तीन टप्प्यांत भरावे, दर टप्प्याला एक दिवस थांबावे आणि खालच्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवून पाहावा. पूर्ण भरल्यावर समोरच्या काचेच्या मधोमध आडवी सरळ पट्टी धरून फुगवटा मोजावा आणि तो आकडा लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी मोजल्यावर तो वाढलेला आढळला, तर पाणी निम्मे करून मला किंवा ज्याने टाकी जोडली त्याला बोलवावे.